ती दहा मिनिटं तुम्ही माझ्याकडे राहू दिलीत

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते. पण पत्र मुद्दाम उघड लिहितेय. सिगारेट सोडायची आहे आणि कुणाकडे जायचा धीर होत नाही, अशा माणसांपर्यंत ते पोचावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी बरीच दारं ठोठावली होती. एका डॉक्टरांनी कागदावरची मान वर न करता 'सोडा' म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. दुसऱ्यांनी विचारलं, बाईमाणसाला हे शोभतं का? मी मदत मागायला गेले होते, आणि लाज घेऊन बाहेर पडले. तिसरीकडे काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र माझ्यापुढे धरलं. ओढणाऱ्या माणसाला धोका माहीत नसतो असं यांना का वाटतं? तो धोका आम्ही रोज जवळ बाळगत असतो. उलट भीती वाटली की हात पहिल्यांदा पाकिटाकडेच जातो.

कुणीतरी निकोटिनचा गम लिहून दिला, पण तो घ्यायचा कसा ते सांगितलं नाही. साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलं की उचक्या लागतात, घसा जळतो आणि हे औषध आपल्याला सोसत नाही असं वाटून माणूस ते टाकून देतो. हळू चावा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या, हे मला तुमच्याकडून कळलं. सांगायला अर्धं मिनिट लागलं तुम्हाला. त्या अर्ध्या मिनिटावाचून किती जणांनी प्रयत्न सोडला असेल, हे मनात आलं की आजही संताप होतो.

आणि घरच्यांचं, मित्रमंडळींचं ते वाक्य: 'मनावर घेतलं की सुटते.' निकोटिनचं व्यसन हेरॉइन-कोकेनच्या व्यसनासारखंच काम करतं, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालात १९८८ साली छापलं गेलं. एवढी वर्षं उलटली, तरी आम्हाला अजून मनाच्या दुबळेपणाची बोलणी खावी लागतात. तुम्ही मला शांतपणे समजावलंत, की झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग शरीर पुन्हा मागू लागतं. इतकं ऐकूनच माझ्या पाठीवरचं ओझं उतरलं होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्या भेटीत तुम्ही फॉर्म भरत होतात. दिवसाला किती, कधीपासून, उठल्यावर किती वेळात पहिली. मग पेन बाजूला ठेवलंत आणि विचारलंत, 'यातली तुमची सगळ्यात आवडती कुठली?'

मला काही सुचेना. का सोडत नाहीस, हे मला सगळ्यांनी विचारलं होतं. त्यात मला काय आवडतं, हे कुणीही विचारलं नव्हतं. तुम्ही घाई केली नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाहीत. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, रात्रीची. सगळं आवरून झाल्यावर बाहेर उभं राहून ओढते ती. का, असं तुम्ही विचारलंत, आणि मी कधी स्वतःशीही बोलले नव्हते ते तुमच्यापुढे बोलून गेले: कारण तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही. आईचं आजारपण, नोकरी, मुलं, सगळ्यांना माझ्याकडून काही ना काही हवं असतं. हातात सिगारेट असली की धुरामुळे कुणी जवळ येत नाही. दहाच मिनिटं, पण ती माझी असतात.

तुम्ही म्हणालात, 'मग ती दहा मिनिटं अजिबात सोडायची नाहीत. फक्त सिगारेट सोडायची.'

आणि औषधांच्या चिठ्ठीवर, औषधांच्याही वर, तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंत: 'रात्री दहा मिनिटं. एकटीनं. घरच्यांनी हाक मारू नये.' खाली सही केलीत. ती चिठ्ठी मी घरी दाखवली. डॉक्टरकडचा कागद म्हणून का होईना, घरच्यांनी ती पाळली. मी इतकी वर्षं धुराआड लपून जे मिळवत होते ते मला हक्कानं मागता येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढे प्रत्येक वेळी फोनवर तुमचा पहिला प्रश्न हाच असायचा, 'दहा मिनिटं मिळाली का?' ओढली का, हे नंतर. ताई, हा क्रम माझ्यासाठी किती मोठा होता ते तुम्हाला कदाचित माहीतही नसेल. माझ्यावर पहारा ठेवला जातोय असं मला एकदाही वाटलं नाही. मी कशी आहे हे तुम्हाला जाणून घ्यायचं होतं.

बाकीचं सोपं नव्हतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातील, चिडचिड काही आठवडे राहील, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून मी ती सोसू शकले. कॉफी निम्म्यावर आणा म्हणालात. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन भराभर संपवतं आणि धूर थांबला की तीच कॉफी जास्त चढते, हे मला कुठून माहीत असणार? हाताची थरथर मी तलफच समजले असते. खोकला वाढला तेव्हाही घाबरले नाही, कारण फुप्फुसं पुन्हा स्वतःला साफ करू लागतात तेव्हा असं होऊ शकतं, हे तुमच्याकडूनच ऐकलं होतं. सोडून वर्ष झालं की हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो, असं तुम्ही म्हणायचात. तो टप्पाही मागे पडला.

माझ्या अनुभवात हुशार माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला कमी न लेखता मदत करणारी फार थोडी. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही की जास्तीचा निधी लागत नाही. मान वर करून बघावं लागतं, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघावी लागते. तुमच्या खोलीबाहेर नेहमी रांग असते, तरी तुम्ही ते करता. दिवसभर इतरांची दुःखं ऐकून तुम्ही घरी जात असाल तेव्हा तुम्हालाही कुणीतरी विचारत असो, अशी माझी फार इच्छा आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला घेऊन येतेय. तो कमी बोलतो, आणि आधीच्या अनुभवांमुळे त्याचा कुणावर विश्वास उरलेला नाही. पहिल्या भेटीत तो गप्पच बसेल. त्याला वेळ द्या, एवढी विनंती आहे.

तुमची कृतज्ञ,
तुमची एक पेशंट