बॅटरी चार्जरच्या पत्रकात धोक्याची सूचनाच नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमचा १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर मी सावद्याच्या दुकानातून घेतला. केळीच्या कापणीत गाडी महिनाभर जागची हलली नाही आणि बॅटरी उतरली. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. तुमच्या पत्रकात, तेही इंग्रजीत, एवढेच आहे की लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला लावा आणि बॅटरी भरेपर्यंत ठेवा. बॅटरी भरली तरी हा चार्जर आपोआप बंद होत नाही, हे ना खोक्यावर आहे ना पत्रकात. मी रात्री आठला पुढच्या खोलीत लावला. डासांमुळे खिडक्या बंद होत्या आणि तिथेच वडिलांची खाट.

पहाटे तीनच्या सुमारास वडील खोकत उठले. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला होता. बॅटरीवर हात ठेववत नव्हता. झाकणांतून ॲसिडचे थेंब उडत होते आणि शहाबादी फरशीवर पडतील तिथे पांढरा फेस येत होता. मुलगा धावत आला तो थेट चिमटा ओढायला. मी त्याचा हात धरला आणि आधी भिंतीवरचे बटण बंद केले. चालू चार्जरचा चिमटा काढताना ठिणगी पडते, आणि बॅटरीतून सुटणारा हायड्रोजन त्या ठिणगीने पेटतो. हे मला ठाऊक होते, कारण ट्रॅक्टरच्या मेकॅनिकने कधीतरी बजावले होते. तुमच्या पत्रकात याचा शब्दही नाही. ज्याला कोणी बजावलेलेच नाही, त्याने काय करायचे?

सकाळी पाहिले तर दोन सेलमधले पाणी प्लेटांच्या खाली गेलेले. मेकॅनिक म्हणाला, एवढ्या बॅटरीला साडेतीन अँपिअर पुरे, तुम्ही सहावर ठेवलीत. करंट कमी करायची खिट्टी आहे, पण ती कशासाठी हे कुठेच लिहिलेले नाही.

बॅटरीची किंमत भरून द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यापुढे प्रत्येक खोक्यात मराठी पत्रक घालावे: चार्जर स्वतः थांबत नाही, हवेशीर जागी लावा, मेनचे बटण शेवटी चालू करा आणि सर्वांत आधी बंद करा, बॅटरी गाडीतच असेल तर काळा चिमटा बॅटरीपासून लांब चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुरेशा सूचना न दिल्याने झालेल्या नुकसानीलाही उत्पादक जबाबदार ठरतो. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

बिल आणि फरशीवरच्या डागांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक
ता. रावेर, जि. जळगाव