आधी चुना, मग तुरटी: सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपल्या निवृत्तीच्या समारंभाला मला येता आले नाही. पहिल्या पावसात जलशुद्धीकरण केंद्र सोडून जायचे नसते, हे आपलेच शिकवणे. म्हणून हे आभार पत्रातून, चारचौघांत मानतो आहे.

कोकणातल्या नळपाणी योजनेवर मी नुकताच रुजू झालो होतो, त्या जूनमधली गोष्ट. नदीला तांबडे पाणी आले आणि मी घाबरून तुरटी वाढवत गेलो; पण गाळाचे कण काही एकमेकांना धरेनात. रात्री साडेअकराला आपल्याला फोन केला, तेव्हा ‘अल्कलिनिटी मोजलीस का?’ एवढेच आपण विचारलेत. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद; मी ती मोजली नव्हती. जांभ्याच्या मुलखातील पावसाळी पाण्यात ती मुळातच कमी, त्यात १ मिलिग्रॅम तुरटी तिच्यातला सुमारे अर्धा मिलिग्रॅम खाऊन टाकते, आणि ती संपली की सामू (pH) घसरून, म्हणजे पाणी आम्लधर्मी होऊन, तुरटीतले ॲल्युमिनियम गाळ न होता पाण्यातच विरघळून राहते. आधी चुना घालून ती वाढव, मग तुरटी, असे सांगून आपण फोन चालूच ठेवलात; मी जार टेस्ट लावली, म्हणजे ओळीने ठेवलेल्या पात्रांत वेगवेगळी मात्रा घालून पाहिली, आणि चौथ्या पात्रात मोहरीएवढे कण खाली बसू लागल्याचे ऐकल्यावरच आपण झोपायला गेलात.

अभियंते जे. एन. कर्डिले यांनी १९७३ मध्ये रामटेकच्या केंद्रात वाळूवर नारळाच्या करवंटीच्या तुकड्यांचा थर वापरला, तो धागा पकडून आपण गाळण माध्यमांच्या संशोधनात सारी कारकीर्द घालवलीत. करवंटी वाळूपेक्षा हलकी, म्हणून फिल्टर खालून वर पाणी सोडून उलटा धुतल्यावरही वरच राहते आणि जाड गाळ आधीच अडवते, हे आम्हाला फळ्यावर कळले नव्हते. आपण काचेच्या नळीत पाणी खालून सोडून दाखवलेत तेव्हा कळले. आपले शोधनिबंध इंग्रजीत राहिले, याबद्दल माझी थोडी तक्रार आहे. मात्र चुना-तुरटीच्या मात्रेचा, आपण मराठीत लिहून दिलेला तक्ता आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे, आणि रात्रपाळीचे कर्मचारी तो पाहिल्याशिवाय तुरटीच्या पोत्याला हात लावत नाहीत.

एक विनंती आहे. आपल्या टेबलावरची करवंटीच्या तुकड्यांची बरणी, जिच्यातला तुकडा एका पाहुण्याने सुपारी समजून तोंडात टाकला होता, ती खोली रिकामी करताना टाकू नये. मी दिवाळीत येऊन घेऊन जाईन.

आपला विद्यार्थी