‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ एवढ्यावर भागत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पानावर सहावी-सातवीच्या मुलांसाठी सोप्या समीकरणांवर मजकूर आला होता. त्यात ठळक अक्षरांत एकच नियम दिला होता : बरोबरच्या चिन्हापलीकडे पद नेलं की त्याचं चिन्ह बदलतं. पुढे उदाहरणं आणि तळाला उलटी छापलेली उत्तरं. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात घरीच शिकवणी घेते. येणारी मुलं मराठी माध्यमाची, बरीचशी पालिका शाळेतली. त्यातल्या काहींनी ते कात्रण वहीत चिकटवून आणलं, म्हणून हे पत्र.

नियम खोटा नाही. आमच्या पिढीने तोच घोकला आणि पास झालो. पण समीकरणाशी पहिल्यांदाच गाठ पडतेय अशा मुलाच्या हाती तो आधी दिला, की ते तो दिसेल तिथे लावतं. कात्रण आणलेल्या एका मुलीने ३क्ष = १२ हे उदाहरण असं सोडवलं होतं : क्ष = १२ − ३ = ९. तीन पलीकडे गेला, चिन्ह बदललं, झालं. मी म्हटलं, “आता क्षच्या जागी नऊ घाल बघू. नऊ त्रिक?” “सत्तावीस.” वहीकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, गणितच चुकीचं छापलंय.”

तिला काय बोलणार? ३क्षमधला तीन हे सुटं पद नाही, तो क्षला गुणतोय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिच्यासाठी दुसरा नियम, ‘गुणिले पलीकडे गेलं की भागिले होतं’. अपूर्णांक आले की तिसरा. कंस आले की चौथा. पाठ करायच्या गोष्टी वाढत जातात आणि दिवाळीपर्यंत मूल ठरवून टाकतं की आपल्याला बीजगणित जमणार नाही. वास्तविक सांगायचं एवढंच असतं : दोन्ही बाजू सारख्या आहेत, तेव्हा एका बाजूला जे कराल तेच दुसऱ्या बाजूलाही करा, सारखेपणा मोडत नाही. (शून्याने भागायचं नाही, ही तंबी पुढे कधीतरी दिली तरी चालते.)

पाठ्यपुस्तकात यासाठी तराजूचं चित्र असतं. चित्र चांगलं आहे, पण आमच्याकडच्या मुलांनी दोन पारड्यांचा तराजू कधी हाताळलेला नाही. आता भाजीवाल्याकडेही इलेक्ट्रॉनिक काटा असतो. म्हणून मी लग्नाच्या आहेराची पाकिटं वापरते. एका मुलासमोर बंद केलेली तीन पाकिटं आणि पाच सुटे रुपये, दुसऱ्यासमोर वीस सुटे रुपये. सगळ्या पाकिटांत सारखीच रक्कम आहे आणि दोघांकडचे पैसे सारखे आहेत, एवढंच सांगायचं. (पाकिटावर चिकटवलेला रुपया आधी काढून ठेवावा लागतो, नाहीतर समीकरण बिघडतं.) हे झालं ३क्ष + ५ = २०. मग दोघांकडून पाच-पाच रुपये काढून घ्यायचे. अजूनही सारखेच ना? हो. एकाकडे तीन पाकिटं, दुसऱ्याकडे पंधरा रुपये. पंधराचे तीन सारखे ढीग करा, एकेक ढीग एकेका पाकिटासमोर ठेवा. पाकीट फोडायच्या आधीच मुलं ‘पाच!’ म्हणून ओरडतात. ‘पलीकडे नेणं’ हा शब्दही मध्ये येत नाही. उजवीकडे ‘− ५’ का आलं, तर तिथूनही पाच काढले म्हणून.

पाकिटांनाही मर्यादा आहे. उणे रक्कम पाकिटात घालता येत नाही. तिथे उधारी कामाला येते, आणि ती युक्ती काही माझी नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात एक उदाहरण आहे : एकाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे, दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? आजच्या पद्धतीने ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. दोघांचे सहा-सहा घोडे काढून घ्या. पहिल्याकडे ३०० राहिले, दुसऱ्याकडे चार घोडे आणि कर्ज. आता दोघांनाही शंभर-शंभर द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याचे ४०० झाले. चार घोडे ४०० ला, म्हणजे एक १०० ला. दोघांची मालमत्ता मोजून पाहा, ९०० आणि ९०० च भरते. त्या काळी बरोबरचं चिन्ह नव्हतं. दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडायचे, अज्ञाताखाली अज्ञात आणि संख्येखाली संख्या. एका पक्षाचं अज्ञात दुसऱ्यातून वजा करायचं, संख्यांची वजाबाकी उलट बाजूने करायची आणि मग भाग द्यायचा. मुलांना हे उदाहरण फार आवडतं. शंभर रुपयांत घोडा, यावर हसून घेतात आणि मग सोडवतात.

बरोबरच्या चिन्हाचं म्हणाल तर खरी गोम तिथेच आहे. पहिलीपासून मुलांनी ते ‘आता उत्तर लिहा’ अशा अर्थानेच पाहिलेलं असतं, आणि कॅल्क्युलेटरवर तर ते बटण दाबलं की उत्तरच येतं. फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिहून बघा. पाचवीच्या वर्गात बहुतेक हात १२ ला वर जातील, एखादा १७ म्हणेल. सात म्हणणारा विरळाच. हीच मुलं पुढे वहीत २० − ५ = १५ ÷ ३ = ५ अशी आगगाडी लिहितात. शेवटचा आकडा बरोबर असतो म्हणून आपणही टिक करून मोकळे होतो. पण त्या ओळीचा अर्थ होतो की पंधरा आणि पाच सारखे! वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली हे चिन्ह पहिल्यांदा छापलं, तेव्हा दोन समान लांबीच्या समांतर रेषा मुद्दाम निवडल्या, कारण याहून सारख्या दोन गोष्टी त्याला सुचेनात. म्हणून माझ्याकडे नियम आहे, एका ओळीत एकच बरोबरचं चिन्ह आणि ही चिन्हं एकाखाली एक. वह्या जास्त लागतात, पालक कुरकुरतात, पण याबाबतीत मी ऐकत नाही.

आता ताळा. आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का पाहणं, याला अर्धा मिनिट लागतो. क्ष/४ + ३ = ८ यात पुष्कळ मुलं फक्त क्ष आणि ८ ला चाराने गुणतात, तीनला विसरतात. क्ष + ३ = ३२, म्हणून क्ष = २९. ताळा केला तर २९ चा चौथा भाग सव्वासात, त्यात तीन मिळवले की सव्वादहा. आठ नव्हेत! मूल स्वतःच वर जाऊन चूक शोधतं आणि २० काढून आणतं. मला लाल पेन उघडावं लागत नाही. शिष्यवृत्तीच्या पेपरात चार पर्याय असतात, तिथे तर पर्यायच एकेक घालून पाहिले तरी समीकरण सुटतं, आणि ते कमीपणाचं मुळीच नाही.

तरी पालक विचारतात, ताळ्याला मार्क नाहीत तर वेळ कशाला घालवायचा? त्यांचंही चूक नाही. ज्याला मार्क नाहीत ते आपल्याकडे कुणी करत नाही. समीकरण तीन गुणांचं असेल तर त्यातला एक गुण ताळ्याला ठेवावा, एवढी माझी गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे. घटक चाचणीचा पेपर बहुतेक ठिकाणी शाळेतच निघतो. पहिल्या सत्रापासून करून बघायला हरकत नसावी.

आपली,
एक शिकवणी घेणारी वाचक
विक्रोळी (पूर्व), मुंबई