जिभेवरून धमन्या कळत नाहीत

संपादक साहेब,

आरोग्य पानावरचा चिनी वैद्यकाचा लेख वाचला. जीभ बघून, मनगटावर तीन बोटं ठेवून वैद्य सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुना आजार, ओळखतात, कफ साचलाय, रक्त थबकलंय असं सांगतात, इथपर्यंत ठीक. पेशंटला निवांत वेळ देतात हे तर मला फारच आवडतं. पण सीओपीडीवाल्याच्या धमन्या कडक झाल्यात का तेही त्यावरून कळतं असं जे सुचवलंय ना, तिथे मी अडलो.

सीओपीडी नुसता छातीचा आजार नाहीच मुळी. फुफ्फुसात सतत धुमसणारी सूज रक्तातून सगळीकडे पोचते, त्यात ऑक्सिजन कमी, वर सिगरेट नाहीतर चुलीचा धूर, मग धमन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, चरबी साचते, भिंती कडक होतात. आणि गोची अशी की जिना चढताना धाप लागली की पेशंट म्हणतो फुफ्फुस, घरचे म्हणतात फुफ्फुस, पुष्कळदा डॉक्टरही पंपाचा डोस वाढवून मोकळे होतात, हार्टकडे कोणी बघतच नाही. आजार सौम्य असेल तेव्हा तर माणूस श्वास कोंडून जाण्यापेक्षा हार्टने किंवा कॅन्सरने जाण्याची शक्यता जास्त, हे कितीजणांना माहितीय?

जांभळी जीभ ही म्हणे रक्त थबकल्याची खूण. अहो, ऑक्सिजन बराच खाली गेला की जीभ निळी-जांभळी पडतेच, धमन्यांचं दुखणं त्याच्या कितीतरी आधी गुपचूप सुरू झालेलं असू शकतं. शिवाय एकच पेशंट दोन वैद्यांनी तपासला तर निदान जुळतंच असं नाही, तसे अभ्यास झालेत. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, पारंपरिक वैद्यकाचा चॅप्टर आलाय खरा, पण तो नोंदी ठेवायला, उपचार लागू पडतात असा डब्ल्यूएचओचा शिक्का नाही तो. त्यामुळे फुंकायची स्पायरोमेट्री, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, डॉक्टरला गरज वाटली तर मानेच्या धमनीची सोनोग्राफी, हे करावंच लागतं.

औषधांबद्दल लेखात अवाक्षर नाही, याचा मला जास्त राग आला. मा हुआंग म्हणजे इफेड्रा ही वनस्पती, तिच्यात इफेड्रिन असतं, श्वासनळ्या मोकळ्या होतात पण बीपी आणि ठोके वाढतात, अमेरिकेने २००४ साली इफेड्राची सप्लिमेंट्स बंद केली ती उगाच नाही. रक्त मोकळं करायला डानशेन नावाची मुळी देतात, वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्याला त्याने रक्तस्राव होऊ शकतो. ज्येष्ठमध आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण बरेच दिवस भरपूर घेतलं तर बीपी वर आणि पोटॅशियम खाली. डॉक्टरला न सांगता पंपासोबत हे चालू ठेवणारे लोक असतात हो!

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा कुठलं औषध कुणी घेऊ नये एवढी एक चौकट टाका, जागा नसेल तर जिभेचा तो पाव पानी फोटो जरा लहान करा.

आपला,
एक नियमित वाचक