ते नुसतं बसणंच तर नाटक आहे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या नाशिकमध्ये एक प्रायोगिक नाटक झालं, जातीवरून मारलेल्या एका पोराच्या घरच्यांवर, आणि मध्यंतरात बरीच मंडळी उठून गेली, म्हणे स्टोरीच नाही, नुसते बसून राहतात. मला त्याच्यावरच बोलायचंय.

नाटकात मारहाण नाही, मारणारे नाहीत, टाळ्याखाऊ डायलॉग नाहीत. कोर्टाच्या व्हरांड्यातला बाक, त्यावर आईबाप, आईच्या मांडीवर डब्याची पिशवी. आतून शिपाई कुठल्याही केसचा पुकारा करतो की बाप अर्धवट उठतो, आपलं नाव नाही कळलं की परत टेकतो, आई पिशवीची गाठ सोडते, बांधते, परत सोडते. मग पुढची तारीख. हेच चालू राहतं आणि आपल्याला खुर्चीत अवघडायला होतं, पण ते आईबाप असेच वर्षानुवर्षं बसलेले असतात हो! शेवटी पडद्यावर पेपरची कात्रणं दाखवतात तेवढं मला पटलं नाही, गरजच नव्हती.

आणि हे आपल्याला लांबचं वाटायला नको. नगर जिल्ह्यात सोनईला 1 जानेवारी 2013 ला प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांचा खून झाला, त्याची केस आपल्याच सेशन कोर्टात चालली आणि जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. निकाल आपण सगळ्यांनीच वाचला, पण मधली पाच वर्षं त्या घरांनी कशी काढली हे आपल्यापैकी कोणी विचारलं?

अमेरिकेत 1998 मध्ये लॅरमी गावात मॅथ्यू शेपर्ड या कॉलेजच्या मुलाला गे म्हणून मारलं, तेव्हा न्यूयॉर्कची नाटकवाली मंडळी पुन्हा पुन्हा तिथे गेली, दोनशेच्या वर मुलाखती घेतल्या आणि लोकांच्या त्याच बोलण्यातून नाटक उभं केलं, ते आजही होतंय. आपल्या पोरांनी तसलंच अवघड काम केलंय आणि त्याची चार ओळींची बातमीसुद्धा कुठे दिसली नाही, याचं फार वाईट वाटतं.

तर विनंती एवढीच, नाटकातलं कळणारा माणूस पाठवून याचं नीट परीक्षण छापा, आणि पुढचा प्रयोग कधी, कुठे, तिकीट किती हे आधी छापा, म्हणजे लोक येतील.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक