झाडाच्या नावावरची जमीन

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आई समजावून सांगेपर्यंत मुद्दा भलतीकडेच जातो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय. यातला बराचसा भाग बाबांसाठी आहे, पण आई, मधे तुझंही एक पान आहे.

शनिवारी आम्ही तिघं अथेन्सला जाऊन आलो. ग्रीसमधलं नव्हे, इथलंच, जॉर्जिया राज्यातलं. अटलांटाहून गाडीने दीड तास. तुमच्या नातीला पुढच्या वर्षी कॉलेजसाठी अर्ज करायचे आहेत आणि तिच्या यादीत जॉर्जिया विद्यापीठ बरंच वर आहे. या गावाचा जन्मच विद्यापीठामुळे झाला. १७८५ साली राज्याने विद्यापीठाला सनद दिली तेव्हा त्याला ना इमारत होती ना जागा. सोळा वर्षं ते नुसतं कागदावर राहिलं. मग १८०१ मध्ये ओकोनी नदीकाठची टेकडी पसंत पडली, जॉन मिलेज नावाच्या गृहस्थांनी ६३३ एकर विकत घेऊन विद्यापीठाला दिली, आणि प्लेटोच्या गावावरून नाव ठेवलं अथेन्स. बाबा, तुम्ही लगेच विचाराल, त्याआधी तिथे वहिवाट कुणाची? क्रीक आणि चेरोकी लोकांची. त्यांना मागे मागे रेटत इथवर वस्ती आली होती.

विद्यापीठाच्या दारात ओतीव लोखंडाची काळी कमान आहे. १८५०च्या दशकात आवाराला लोखंडी कुंपण घातलं, त्या वेळची. तिचे तीन खांब म्हणजे शहाणपण, न्याय आणि संयम. पदवी मिळण्याआधी जो विद्यार्थी हिच्याखालून जाईल त्याची पदवी हुकते, अशी पोरांमध्ये समजूत आहे. आपली पोर अजून तिथली विद्यार्थिनीही नाही, तरी बाजूच्या वाटेने गेली आणि मलाही हाताला धरून तिकडूनच नेलं. मी काही बोलले नाही. परीक्षेला निघताना आई हातावर दही-साखर ठेवायची, ती मी तरी कधी नाकारली?

कमानीशेजारीच जुनी शैक्षणिक इमारत आहे. तिला आता होम्स-हंटर इमारत म्हणतात. शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स हे या विद्यापीठात शिकायला आलेले पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाच्या हुकमावरून त्यांना प्रवेश मिळाला. दोनच दिवसांनी रात्री शार्लेनच्या वसतिगृहाबाहेर जमाव जमला, विटा-बाटल्या आल्या, खिडक्या फुटल्या. शिक्षा कुणाला झाली असेल? विद्यापीठाने या दोघांनाच निलंबित केलं, त्यांच्याच सुरक्षिततेचं कारण देऊन. न्यायालयाने पुन्हा हुकूम काढला आणि काही दिवसांत दोघं परत वर्गात बसले. १९६३ मध्ये दोघांनी पदवी घेतली. ती नामवंत पत्रकार झाली, तो हाडांचा डॉक्टर. २००१ मध्ये इमारतीला त्यांचं नाव दिलं. नातीने माहितीफलक दोनदा वाचला आणि मला विचारलं, "ती तेव्हा केवढी होती?" अठरा वर्षांची, मी सांगितलं. ही आता सतरा.

दुपारी जेवायला गेलो तिथे ग्रिट्स मिळतात. आई, त्या चक्क मक्याच्या कण्या. मऊ शिजवून लोणी घालतात. तुमच्या जावयांनी ताट पुसून खाल्लं. गावाबद्दल अजून खूप आहे: अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, उत्तरेकडच्या शत्रूवर रोखल्यासारखी उत्तरेकडे तोंड करून ठेवलेली १८६२ची दुनळी तोफ, जी ठरवल्याप्रमाणे कधी चाललीच नाही, १९१० साली एका कृष्णवर्णीय व्यावसायिकाने बांधलेलं मॉर्टन थिएटर, जिथे लुई आर्मस्ट्राँग आणि ड्यूक एलिंग्टन वाजवून गेले, आणि अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि स्टेडियमात नव्वद हजारांहून जास्त माणूस बसतं. सामन्याच्या दिवशी तिथे जाऊ नका असं आम्हाला सगळ्यांनी बजावलं होतं.

आई, आता तुझं पान. अमेरिकेतला पहिला बागमंडळाचा संसार या गावात सुरू झाला. १८९१ मध्ये गावातल्या बायका एका घरी जमल्या आणि त्यांनी लेडीज गार्डन क्लब काढला. रोपं, बिया, कलमं एकमेकींना द्यायची, कोणतं फूल कशाने बहरतं ते सांगायचं. तू आणि शेजारच्या काकू कुंपणावरून जे करता तेच, पण रीतसर सभा भरवून. त्यांच्या स्मरणार्थ विद्यापीठात एक सुंदर बाग आहे. बुटक्या हिरव्या झुडपांच्या कडा कातरून केलेले वाफे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी हिरवळ, आणि आत्ता एप्रिलात डॉगवुडची पांढरी फुलं. अझेलिया तर गावभर. मी तिथे बराच वेळ बसले. फोटो वेगळे पाठवते. सावलीतल्या झाडांखाली त्यांनी काय लावलंय ते नीट बघ, आपल्या आंब्याखाली काही टिकत नाही म्हणतेस ना.

बाबा, आता तुमचं.

डिअरिंग आणि फिन्ली या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक पांढरा ओक उभा आहे. त्याचं नाव 'स्वतःचं मालक असलेलं झाड'. विल्यम जॅक्सन नावाच्या कर्नलचा त्या झाडावर फार जीव होता. म्हणून त्याने झाड आणि झाडाच्या चारी बाजूंची आठ फूट जमीन खुद्द झाडाच्याच नावावर करून दिली, असं सांगतात. अर्धा गुंठाही भरणार नाही. पण तिथे दगडावर मजकूर कोरलाय की या झाडावरच्या माझ्या अपार प्रेमापोटी आणि ते सदैव सुरक्षित राहावं या इच्छेने मी त्याला त्याचा स्वतःचा आणि आठ फुटांचा पूर्ण ताबा देत आहे.

तुमचा पहिला प्रश्न मला ऐकू आला: दस्त कुठे आहे? दस्त नाही. कुणालाच सापडलेला नाही. गोष्ट पहिल्यांदा १८९० मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली, त्याआधीचा पुरावा नाही. तिथल्या कायद्यातही झाड मालक होऊ शकत नाही, कारण दिलेलं दान घेणाऱ्याने स्वीकारावं लागतं. आपल्याकडे निदान भैरवनाथाच्या नावाने सातबारा निघतो. तुम्हीच मला लहानपणी समजावलं होतं की देव कायद्याने कायम अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून त्याच्या वतीने बघणारा कुणीतरी लागतो. इथे बघणारं सगळं गाव आहे. नगरपालिकेने झाडाचा हक्क मानला, आणि भोवतीचे दगडी खांब आणि साखळ्या जॉर्ज फॉस्टर पीबडी नावाच्या एका दानशूर गृहस्थांच्या पैशातून लागल्या.

तुमचा दुसरा प्रश्न वारसनोंदीचा. मूळ झाड १९४२ मध्ये पडलं. त्याच्याच बियांपासून वाढवलेलं रोप १९४६ मध्ये गावातल्या एका तरुण बागमंडळाने त्याच जागी लावलं. आज उभा आहे तो मुलगा. बापाची मिळकत त्याला मिळाली असं सगळे मानतात, फेरफार न करता. ऐंशीच्या आसपासचा बाप्या आणि अजून तरणाताठा.

मला इथे थांबून हे पत्र संपवता आलं असतं. पण तिथून चालत काही मिनिटांवर बॅक्स्टर रस्त्याकडे तीन उंच वसतिगृहं आहेत, ब्रंबी, क्रेसवेल आणि रसेल. पहिल्या वर्षाची पोरं तिथे राहतात. त्या जागी १९६०च्या दशकापर्यंत लिनेनटाउन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती, सुमारे पन्नास कुटुंबांची. धोबीण, सुतार, गवंडी, स्वयंपाकी अशी कष्टाची माणसं. कित्येकांची घरं स्वतःच्या मालकीची, त्यांच्याकडे दस्त होते. शहराने आणि विद्यापीठाने मिळून 'नागरी पुनर्विकास' म्हणून ती जागा संपादन केली, तुटपुंजा मोबदला देऊन घरं पाडली आणि वसतिगृहं उभी केली. २०२१ मध्ये स्थानिक शासनाने ठराव करून अन्याय झाल्याचं मान्य केलं, माफी मागितली. पण माणसांना थेट पैसे द्यायला राज्यघटना आड येते, असं निघालं.

बाबा, एकाच दिवसात हे दोन्ही पाहिलं आणि मला राग आला. ज्या झाडाकडे चिठोरंही नाही त्याचे आठ फूट या गावाने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जपले. ज्यांच्याकडे पक्के कागद होते त्यांना त्याच गावाने उठवलं. कागदाने माणूस राखला जात नाही, राखायचं मनात असावं लागतं. आणि हे मला तुमच्या घरात वाढल्यामुळे आधीच ठाऊक होतं. कोयनेचं पाणी अडलं तेही त्याच दशकात. पाटणला तुमच्या दप्तरात धरणग्रस्तांच्या अर्जांच्या थप्प्या असायच्या. रविवारीही कुणीतरी उठवलेल्या गावाचा खातेदार ओसरीवर येऊन बसायचा, आणि जेवल्याशिवाय तुम्ही त्याला जाऊ देत नव्हता. त्यांतल्या किती जणांना जमीन मिळाली ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी आता विचारते आहे. कुणाला मिळाली, कुणाला नाही, कुठे अडलं, सगळं मला हवंय. शक्य असेल तर गावांच्या नावांसकट.

परतताना गाडीत नातीने विचारलं, "मला प्रवेश मिळाला आणि खोली त्याच वसतिगृहात मिळाली, तर मी तिथे राहू का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला म्हटलं, आजोबांना विचार, त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय. तिला मराठी वाचता येतं, सावकाश वाचते, म्हणून उत्तर तिच्या नावाने लिहा आणि जोडाक्षरं सुटी काढा.

आई, गुडघ्याचा पट्टा आणि बाबांच्या कानयंत्राची बॅटरी पार्सलमध्ये टाकली आहे. पट्टा सकाळी उठल्यावर बांधायचा, रात्री काढायचा. ऊन वाढलंय तिकडे, बाबांना दुपारी पारावर जाऊ देऊ नकोस.

तुमची लेक