व्हिटॅमिनचं पाणी की साखरेचं?

संपादक साहेब, नमस्कार. माझा मुलगा गोल्फ क्लब मैदानावरून खेळून येतो तेव्हा हातात फ्लेवरवाल्या रंगीत पाण्याची बाटली असते, म्हणतो आई हे हेल्दी आहे, यात व्हिटॅमिन्स आहेत. परवा चष्मा लावून मागचं लेबल वाचलं तर 100 मिलीला 5 ग्रॅम साखर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम, सहा चमचे! बी आणि सी व्हिटॅमिन तर पाण्यात विरघळणारी, जास्तीची लघवीवाटे निघून जातात, आणि सी हवंच तर आपल्या पेरूत संत्र्यापेक्षा जास्त असतं. अमेरिकेत 2009 साली व्हिटॅमिनवॉटर नावाच्या अशाच पाण्याच्या हेल्थच्या दाव्यांवरून ते विकणाऱ्या कोका-कोलावर केसही झाली होती. साखरेचा आकडा बाटलीच्या पुढेच मोठ्या अक्षरात छापायला लावा, प्लीज.

– एक आई, इंदिरानगर, नाशिक